फिशटँकचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, आणि किती धुवायचा

गडग्यापलीकडच्या वहिनींनी परवा विचारलं, "भावोजी, माशांचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा हो?" त्यांच्या पोराला वाढदिवसाला कुणीतरी टाकी दिलीय, दोन बाय एक बाय एकची, त्यात सहा गप्पी, चार मॉली आणि एक गोल्डफिश. (तो एकटा गोल्डफिश बाकीच्या दहाजणांएवढी घाण करतो, आणि पुढे त्याला ही टाकी पुरणारही नाही, पण ते पोराला कोण सांगणार.) मी म्हटलं आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्या म्हणाल्या चेष्टा नको, नीट सांगा. तर नीट सांगतो, बसा जरा.

घाईत असाल तर आधी हे घ्या. एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर दोन ते चार आठवड्यांनी पिळायचा. टाकीच्या आत काचेला चिकटवलेला मोटरवाला इंटर्नल फिल्टर असेल तर एक-दोन आठवड्यांनी, कारण त्याचा स्पंज एवढुसा असतो, लगेच चोंदतो. मागे टांगायचा हँग-ऑन दोन ते चार आठवड्यांनी. टाकीखाली कपाटात ठेवतात तो कॅनिस्टर दोन-तीन महिन्यांनी, त्याच्या तोंडाशी प्री-फिल्टरचा स्पंज लावला असेल तर तेवढा मात्र महिन्याच्या आत. गोल्डफिश पाळलेत तर हे सगळे आकडे निम्मे करा. आणि नवीन टाकी असेल तर पहिले सहा आठवडे फिल्टरला हातच लावू नका, अगदी पाणी यायचं बंद झालं तरच.

आता ह्यामागचं कारण, ते कळलं की आकडे पाठ करायची गरजच नाही. आमच्याकडे वरच्या खोलीत एक मुलगा भाड्याने राहायचा, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा, त्याने मला हे पहिल्यांदा समजावलं. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाला विष. एका जातीचे जीवाणू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे दुसऱ्या पायरीवरचे जीवाणू नक्की कोण ह्यावर वर्षानुवर्षं एकच नाव पुस्तकात छापून यायचं, नायट्रोबॅक्टर, आणि १९९८ मध्ये होव्हानेक आणि मंडळींनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा काम करणारे निघाले नायट्रोस्पायरा! असो, नाव काहीही असू दे, मुद्दा हा की हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते चिकटून राहतात, वाळूला, काचेला, आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजाला, कारण तिथून सतत ऑक्सिजनवालं पाणी जातं. म्हणजे स्पंजावरचा तो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो ना, ज्याला आपण घाण म्हणतो, त्यात निम्मा गाळ आणि निम्मा कामगार वर्ग. गाळ काढायचा, कामगार ठेवायचे, एवढंच काम आहे आपलं.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. गणपतीचे दिवस, मुंबईहून सगळे चाकरमानी यायचे, घर रंगवून झालेलं, आणि आईची नजर पडवीतल्या टाकीवर गेली. मी बाजारात मखराचं सामान आणायला गेलो होतो, येऊन बघतो तर फिल्टर विहिरीवरच्या धोंडीवर उघडून ठेवलेला, स्पंज भांड्याच्या साबणाने घासून, नळाखाली धुवून, दांडीवर वाळत घातलेला, कपड्याचा चिमटा लावून! पिवळाधमक, दुकानातून आणल्यासारखा. आई म्हणाली, "शी, केवढी घाण होती रे त्यात, मासे जगले कसे?" मीही खूष झालो खरं सांगायचं तर. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरट, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, आरती चालू असताना माझं अर्धं लक्ष टाकीकडे. गौरी जेवेपर्यंत चार मॉली गेल्या. पाहुण्यांपैकी एक काका म्हणाले नजर लागली. नजर कसली, साबण आणि क्लोरीन. आईला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही, तिला वाटतं रंगाच्या वासाने गेले.

तर पिळायचं कसं. ज्या दिवशी थोडं पाणी बदलणार असाल त्याच दिवशी करा, म्हणजे टाकीतलंच काढलेलं पाणी हाताशी असतं. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, प्लग. मग टाकीतून पाव भाग पाणी नळीने बादलीत घ्यायचं, आपल्या ह्या वहिनींच्या टाकीत भरून पन्नासेक लिटर असेल, तर बारा-तेरा लिटर. स्पंज तसाच ओढून वर काढलात तर आतला सगळा गाळ टाकीभर पसरतो, म्हणून एक प्लॅस्टिकची पिशवी पाण्याखालीच स्पंजावर टोपीसारखी चढवायची, तळ हाताने धरायचा, आणि पिशवीसकट उचलून बादलीत. हे कुणी सांगत नाही आणि एकदा करून बघितलंत की परत दुसऱ्या पद्धतीने करणार नाही. बादलीत चार-पाच वेळा दाबून सोडायचं, दाबून सोडायचं, पिळ देऊन मुरगाळायचं नाही. पहिल्या दाबालाच बादलीतलं पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं होतं. पाचव्या दाबाला स्पंज तपकिरीच राहणार, राहू दे. हाताला लागणारा गाळ गेला आणि स्पंज दाबून सोडल्यावर फुगून परत जाग्यावर आला की झालं काम. पांढरा-पिवळा होईपर्यंत पिळत बसायचं नाही. ते बादलीतलं पाणी गटारात ओतू नका हं, माडाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या आळ्यात घाला, आमचा कढीपत्ता त्यावरच पोसलाय.

परत लावताना गरम पाणी नको, साबण नको, डेटॉल तर अजिबात नको. नळाला क्लोरीन असतो, पावसाळ्यात तर विहिरीतसुद्धा आपण टीसीएल पावडर (क्लोरीनवालीच) टाकतो, म्हणजे विहिरीचं पाणी म्हणून आंधळेपणाने वापरायचं नाही. टाकीत नवीन भरायचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातो, किंवा दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात ते घाला. स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात. आणि त्या दिवशी एकच काम करायचं. फिल्टरही पिळला, वाळूही ढवळून उपसली, काचाही घासल्या, शोभेचा किल्लाही धुतला असं एकाच रविवारी केलंत तर सगळीकडचे जीवाणू एकदम कमी होतात. फिल्टर ह्या रविवारी, वाळू पुढच्या. पिळल्यावर दोन-तीन दिवस खाणंही निम्मं टाकायचं, मासे उपाशी मरत नाहीत, जास्त खाल्ल्याने मरतात.

बरं, दोन आठवडे की चार, हे ठरवायचं कसं? कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून. माझ्याकडे मोटरवाला फिल्टर आहे त्याचं मी असं करतो, नवा लावला त्या दिवशी त्याच्या तोटीखाली एक लिटरची बाटली धरून सेकंद मोजले, बारा सेकंदात भरली. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, तासाला तीनशे. आता दर रविवारी मोबाईलवर सेकंद लावून परत धरतो. चौदा-पंधरा सेकंद लागले तर राहू दे म्हणतो. वीसला गेलं की तासाला एकशे ऐंशीवर आलं, म्हणजे जवळपास निम्म्याकडे चाललं, मग पिळायचं. आपल्या टाकीतलं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून जायला हवं हा साधारण हिशोब, त्याच्या बराच खाली गेलं की स्पंजाच्या आतल्या जीवाणूंनाही ऑक्सिजन कमी पडतो, नुसतं पाणी घाण दिसायचा प्रश्न नाही. स्पंज फिल्टरला बाटली धरता येत नाही, तिथे नळीच्या तोंडाशी बघायचं, बुडबुडे तेवढेच पण वर उसळणारं पाणी कमी झालं, किंवा जवळ टाकलेला खाण्याचा दाणा स्पंजाकडे ओढला जात नाही, तर वेळ झाली. मला स्वतःला दोन स्पंजवाला फिल्टर सगळ्यात आवडतो, एका वेळी एकच पिळायचा, दुसरा पुढच्या खेपेला, चुकलंच काही तरी निम्मी फौज शाबूत. भारी किमतीच्या फिल्टरपेक्षा हा दोन-तीनशे रुपड्यांचा स्पंज नवख्या माणसाला बरा, असं माझं मत, दुकानदाराला विचारू नका.

मोटरवाल्यात अजून एक भाग असतो, इंपेलर, म्हणजे आतला छोटा पंखा. फिल्टर घरघरायला लागला, किंवा स्पंज साफ असूनही धार बारीक, तर गुन्हेगार हा. महिन्या-दोन महिन्यांनी तो ओढून बाहेर काढायचा, चुंबक असतो त्यामुळे जरा जोर लागतो, त्याच्यावर शेवाळी चिकट थर बसलेला असतो तो जुन्या टूथब्रशने घासायचा, ज्या खाचेत तो बसतो ती खाचही. ह्याला नळाखाली धुवा बिनधास्त, इथे जीवाणू वाचवायचे नाहीयेत. टोकाला रबराची इवलीशी टोपी असते ती धुताना मोरीत वाहून जाते, म्हणून ताटलीत धुवा. एकदा माझ्या इंपेलरमध्ये गोगलगायीचं पिल्लू अडकलं होतं आणि मी मोटर जळली म्हणून नवी आणायला निघालो होतो.

आत कापूस असतो, पांढरा, तो वेगळा. तो फक्त बारीक गाळ धरायला, त्याला आठवड्याला खळबळून घ्या, लगदा झाला की टाका, वाईट वाटून घेऊ नका. गादीवाल्याकडे उशीत भरायचं साधं फायबर मिळतं, वास किंवा रंग नसलेलं, ते चालतं. सिरॅमिकच्या रिंगा असतील तर त्या जीवाणूंची वसाहत, त्यांना चार-सहा महिन्यांतून एकदा टाकीच्या पाण्यात नुसतं हलवून घ्यायचं, बाकी विसरून जायचं. कोळशाची पुडी असते ती तीन-चार आठवड्यांत निकामी होते, औषध दिल्यानंतर पाण्यातून औषध काढायचं असेल तरच लागते, मी एरवी ठेवतच नाही. आणि हँग-ऑनच्या कार्ट्रिजवर "दर महिन्याला बदला" लिहिलेलं असतं ना, त्या कार्ट्रिजवरच तर सगळे जीवाणू असतात, ती फेकली की दर महिन्याला नवी टाकी! ती फाटेपर्यंत खळबळून वापरा. कॅनिस्टर उघडलात तर झाकणाच्या रबरी रिंगला खोबरेल लावायचा मोह होतो, आपल्याकडे घरात दुसरं काय हाताशी असतं, पण लावू नका, पाण्यावर तवंग येतो, सिलिकॉन ग्रीस मिळतं ते बोटभर पुरे.

आता आपल्याकडचं, म्हणजे किनाऱ्याकडचं खास. मे महिन्यात पडवीतल्या टाकीचं पाणी एकतीस-बत्तीसला जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि घाण लवकर कुजते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी स्पंज दर दहा-बारा दिवसांनी बघतो, थंडीत तोच महिनाभर चालतो. मग आगोट. लाकडं, मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची त्या यादीतच मी फिल्टर घालतो, मेच्या शेवटी इंपेलर, नळ्या, एअर पंपाचा रबरी पडदा सगळं एकदा उघडून बघून घ्यायचं, कारण जुलैत काही बिघडलं की तालुक्याला जाऊन आणेपर्यंत आठवडा जातो. पावसात विहीर गढूळ होते, ते पाणी भरलं की कापूस दोन दिवसांत लाल होतो, त्यापेक्षा पाणी एक रात्र पिंपात निवळू द्या आणि वरचं घ्या. पागोळ्यांचं पाणी टाकीत धरायची आयडिया कुणी सांगेल, पहिल्या पावसाचं तर नकोच, कौलांवरची सगळी घाण त्यात.

आणि जांभ्याच्या जमिनीतलं पाणी. आपल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ, क्षार कमी, किंचित आंबटपणाकडे. त्याचा एक फायदा असा की पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, सात म्हणजे मधोमध, खाली गेला की आंबट) सातच्या आसपास असला तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, आठला तोच पाच टक्क्यांच्या पुढे. तोटा असा की जीवाणू काम करताना पाण्यातले क्षार खातात, मऊ पाण्यात ते लवकर संपतात, पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली गेला की जीवाणूच मंदावतात आणि मग माणूस म्हणतो फिल्टर स्वच्छ आहे तरी मासे का मलूल. ह्यावर उपाय आपल्या उकिरड्यातच आहे, तिसऱ्यांचे नाहीतर कालवांचे शिंपले. मांस पूर्ण काढून, चांगले उकळून, उन्हात वाळवून, जाडसर कुटून एक मूठ जाळीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरच्या धारेत ठेवा. हळूहळू विरघळतात, पाण्याला कणखरपणा येतो. मॉलींना तर हे फारच मानवतं, त्यांना जरा क्षाराचंच पाणी लागतं. फिल्टर साफ करताना पुरचुंडीही खळबळा, शिंपल्यांवर गाळ बसला की विरघळत नाहीत.

सगळ्यात मोठा प्रश्न लाईटचा. १६ मे २०२१, रविवार, तौक्ते वादळ आलं तो दिवस, आमच्याकडे सकाळी लाईट गेली ती चौथ्या दिवशी आली. आंब्याची फांदी कौलांवर, माड आडवे, त्यात मी टाकीपुढे तांब्या घेऊन. तांब्याने पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, दर अर्ध्या तासाने पन्नासेक वेळा, हवा मिसळायला. बायको म्हणाली छपराला प्लॅस्टिक कोण लावणार, मासे? तेव्हा शिकलो ते असं. लाईट गेली की खाणं बंद. स्पंज उघडा पाण्यात असेल तर तसाच राहू द्या, पण डब्यात बंद असलेला फिल्टर, विशेषतः कॅनिस्टर, काही तासांत आतला ऑक्सिजन संपवतो, जीवाणू गुदमरतात आणि आतलं पाणी सडतं. तेव्हा तो उघडून स्पंज आणि रिंगा टाकीतच पाण्यात सोडा. आणि लाईट आल्यावर बंद पडून राहिलेला फिल्टर तसाच चालू करायचा नाही, ते सडकं पाणी धाडकन टाकीत येतं, सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा. आतलं पाणी ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, मग चालू करा. म्हणजे वेळापत्रक काहीही असो, मोठ्या खंडानंतर एक साफसफाई ठरलेली. पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप आता स्वस्तात मिळतो, मी दोन घेऊन ठेवलेत.

एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, फळीवर किंवा खिळ्याला, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. जमत नसेल तर नळीत उलट-रोध झडप लावा, दुकानात चेक व्हॉल्व्ह मागा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, थेंब वायरीवरून ओघळला तर झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये जात नाही. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, साफसफाईच्या दिवशी त्याही कोरड्या फडक्याने पुसा. आणि पंपाचा आवाज बदलला तर उघडून बघा, माझ्या पंपात काळ्या मुंग्यांनी अंडी घातली होती, पावसाळ्यात गरम कोरडी जागा त्यांनाही हवीच.

स्पंज किती वर्षं चालतो हेही वहिनींनी विचारलं. दोन-तीन वर्षं सहज. दाबल्यावर फुगून परत येत नाही, चुरा पडतो, तेव्हा बदलायचा, पण जुना काढून नवा घालायचा नाही. नवा जुन्याच्या शेजारी दीड महिना चालवायचा, मग जुना काढायचा. तो जुनाही मी फेकत नाही. चिपळूणच्या भाच्याने टाकी घेतली तेव्हा मी निम्मा स्पंज कापून टाकीच्या पाण्यात भिजवून पिशवीत घातला, पिशवीत हवा ठेवून गाठ मारली आणि एसटीने घेऊन गेलो, मांडीवर. शेजारच्या आजींनी विचारलं काय आहे, मी म्हटलं जीवाणू, त्या जरा सरकून बसल्या. तो तुकडा भाच्याच्या नव्या फिल्टरात कोंबला, चार गप्पी सोडल्या, खाणं चिमूटभर, आणि रोज अमोनिया तपासायला सांगितला. बाटलीतल्या थेंबांचा रंग पहिल्या दिवसापासून पिवळाच राहिला, म्हणजे शून्य. आता वहिनींच्या टाकीसाठी उरलेला निम्मा भिजत ठेवलाय, पोराला पाठवा म्हटलंय संध्याकाळी, येताना रिकामी बादली घेऊन.